बान येतोय

बान मासा दिवसा दिसत नाही. तळाच्या गाळात तो स्वतःला पुरून घेतो आणि नाकाचं टोक तेवढं बाहेर ठेवतो. ते नाक हत्तीच्या सोंडेची कुणी टिंगल करावी असं दिसतं.

सुतकातल्या मुलाने आतप म्हणजे न उकडलेला तांदूळ, कच्चं केळं आणि तूप एकाच भांड्यात उकडून दिवसातून एकदा खायचं असतं. दुसऱ्या दिवशी काय खायचं हा प्रश्न पडत नाही.

तांबुलघाटा नगरपालिकेच्या रिक्षावरचा कर्णा एका बाजूने फुटका आहे. त्यातून ‘पाणीपट्टी’ आणि ‘पोलिओ’ हे शब्द सारखेच ऐकू येतात. गेल्या वर्षी पाणीपट्टी भरायला लोक तान्ही पोरं घेऊन गेले होते.

समुद्राची भरती फार जोरात चढली की गंगेचं पाणी उलटं फिरतं. पाण्याची बुटकी भिंत घाटामागून घाट गाठत वर धावत येते, होड्या आपटते, धुणं नेते. या भिंतीचं नावही बानच. ज्याने हे नाव ठेवलं त्याला मासा ठाऊक नसावा, किंवा ज्याने माशाचं ठेवलं त्याला नदी.

पूर्णेंदू सरखेल गेले तेव्हा घरात नळ दुरुस्त करणारा माणूस आला होता. तो चपला न घालता तसाच निघून गेला. त्याच्या चपला अजून जिन्याखाली आहेत.

हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे. सुकोमल सरखेलला विचाराल, तर एकाच कटातलं आहे.

०

सुकोमल हे नाव ठेवताना घरच्यांनी बाळ झोपलेलं पाहिलं असावं. तांबुलघाट्याच्या हायस्कुलात तो भूगोल शिकवतो आणि एरवीही त्याला पटकन राग येतो. त्यात बाप जाऊन काही दिवस झालेले, अंगावर न शिवलेलं पांढरं वस्त्र, पायात काही नाही, कमरेला सुतकाची लोखंडी किल्ली, बगलेत बसायला कांबळ्याचा तुकडा आणि पोटात कच्चं केळं. अशा माणसासमोर केटरर बसवू नये. पण श्राद्ध जवळ आलं होतं आणि नाडूबाबू केटरर समोर बसले होते.

“श्राद्धाचं निरामिष ठरलं,” नाडूबाबू बोटं मोजत म्हणाले. “आता दुसऱ्या दिवशीचा नियमभंग. सुतक फिटलं, घरादाराने मासा शिवायचा, म्हणजे पंगत दणक्यात हवी. मासा रुई धरू की चितळ?”

“बान,” सुकोमल म्हणाला.

नाडूबाबूंचं मोजायचं बोट हवेतच राहिलं.

“गेलेल्या माणसाच्या आवडीचा मासा करतात ना त्या दिवशी? बाबांना बान आवडायचा. बान करा.”

“साप!” दाराआडून आवाज आला. ती पिशी, सुकोमलच्या वडिलांची बहीण. ती तरुणपणी विधवा होऊन भावाच्या घरी आली, तेव्हापासून तिची चूल वेगळी, भांडी वेगळी, आणि घरात मासा शिजत असला की ती गच्चीवर जाऊन उन्हात बसते. सुकोमलला घरात अजून ‘खोका’, म्हणजे बाळ, म्हणतात. “माझ्या आईनं ह्या उंबऱ्यावरून तो दोनदा भिरकावलाय, खोका. पाठीवर करवतीसारखे काटे, अंगावर नागासारखी जाळी. आपण सरखेल आहोत. आपल्यात तो खात नाहीत.”

“बाबा सरखेलच होते.”

“होता. म्हणूनच त्यानं खाल्ला नाही.”

हीच गोष्ट सुकोमलला जाळत होती. तो लहान असताना वडील बाजारातून पिशवी घेऊन आले होते. पिशवी आतून वळवळत होती. आजीने ती उघडली, किंचाळली आणि पिशवीसकट गटारात फेकली. वडील अंगणात उभे होते. “मला खावासा वाटला, आई,” एवढंच म्हणाले. मग हातपाय धुऊन रुईचा रस्सा जेवले. पुढे आयुष्यभर रुईच जेवले. एवढा मोठा माणूस, सरकारी नोकरीत वरच्या खुर्चीवर बसलेला, आणि एक मासा त्याला स्वतःच्या घरात मिळाला नाही!

आता सल्ल्यांची रांग लागली. शेजारचे गोपेनकाका वॉर्ड कमिटीचे चिटणीस. कुठेही मयत झालं की ते पहिल्या दिवसापासून खुर्ची टाकून बसतात. ते म्हणाले, “सुकोमल, दादांच्या आत्म्याला तू काटेरी मासा घालणार? घशात अडकला म्हणजे?”

“काका, आत्म्याला घसा नसतो,” सुकोमलची बायको मंदिरा चहाचे कप ठेवत म्हणाली.

“घसा नसतो तर मग मासा कशाला घालता?”

यावर सगळे विचारात पडले. औषधाच्या दुकानवाल्याने सांगितलं की बान संधिवाताला उत्तम. मग कुणीतरी म्हणालं की आता पूर्णेंदूबाबूंना संधिवाताचं काय. कोपऱ्यातल्या एका पाहुण्याने बान हा मासा की साप यावर मत मागवलं. मतं समसमान पडली. सुकोमलची आई खाली मान घालून सुपारी कातरत होती. तिला कुणी विचारलं नाही. सुकोमलनेही नाही.

“रुई,” पिशी दाराआडून म्हणाली.

“रुई!” गोपेनकाका म्हणाले.

“रुई,” नाडूबाबूंनी हवेतलं बोट एकदाचं मिटलं.

सुकोमल काही बोलला नाही. त्याचं न बोलणं घरात कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की त्याने ऐकलं.

०

नदीपलीकडे पलाशडांगा. तिथे सुकोमलचे खगेनमामा, आईचे भाऊ, मोठ्या बिलाच्या काठी राहतात. बिल म्हणजे दलदलीचं तळं. त्या बाजूला बान खातात, आणि खात नाहीत अशांना हसतात. मामांचा डावा कान गेलेला आहे आणि फोन ते सवयीने डाव्याच कानाला लावतात.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी घाटावर डोकं भादरून आल्यावर सुकोमलने पुढच्या व्हरांड्यात उभं राहून मामांना फोन लावला. आतून केला असता तर पिशीने ऐकलं असतं. व्हरांड्यातून केला, म्हणजे फक्त गल्लीने ऐकलं.

मामा काय म्हणाले ते गल्लीला ऐकू आलं नाही. ते म्हणाले होते की दिवसा जाळं टाकून उपयोग नाही, बान गाळात झोपलेला असतो. अंधारात किडे-कोळंबी खायला निघतो आणि उजाडताना लपायला पोकळ जागा शोधतो. तर संध्याकाळी बिलात बांबूची नळकांडी टाकून ठेवतो, सकाळी काढतो, पहिल्या लाँचने आणतो.

गल्लीला जे ऐकू आलं ते असं:

“बान उद्या सकाळी नक्की येणार ना?… नक्की?… मोठा? किती मोठा?… दोन हात?… नाही नाही, घाटावर मी असेन!… मामा, घाटावर! लोकांना आधी कळता कामा नये, घबराट होईल!… हो, उगाच आरडाओरडा!… येऊ दे, बान येऊ दे! एकदा येऊ देच, बघतोच मी सगळ्यांकडे!”

गोपेनकाका त्या वेळी दूध घेऊन चालले होते. त्यांच्या लेखी बानमाशाचा विषय रुईवर संपला होता. आणि समोर कोण ओरडत होतं? भूगोलाचा मास्तर. दर वर्षी क्लबात ‘गंगेचा बान : कारणे व परिणाम’ या विषयावर बोलणारा. नुकतं डोकं भादरलेला, पांढऱ्या वस्त्रातला, डोळे लाल झालेला. असा माणूस ‘उद्या सकाळी बान येणार, दोन हात मोठा, लोकांना सांगू नका’ म्हणाला, तर वॉर्ड कमिटीच्या चिटणिसाने काय समजावं? गोपेनकाकांच्या हातातलं दूध सांडलं. उरलेलं त्यांनी तिथेच ठेवलं आणि मोबाइल काढला.

‘अत्यंत महत्त्वाचे’ असं लिहून त्यांनी मजकूर गल्लीच्या ग्रुपवर टाकला. तो शेजारच्या गल्लीत पोचेपर्यंत दोन हाताचे चार हात झाले. भाजीबाजारात गेला तेव्हा पुरुषभर पाणी होतं.

०

श्राद्धाच्या सकाळी भटजींनी सुकोमलच्या हातावर तीळ ठेवले आणि बाहेर फुटका कर्णा वाजू लागला.

“सावध… आज सकाळी… बान येत आहे… घाटावर कुणी… फेरी बंद… पुढील सूचनेपर्यंत…”

“आज बान?” भटजी मंत्र सोडून म्हणाले. “माझी होडी बांधलेली नाही हो!”

“आज पंचमी आहे,” सुकोमल दात आवळून म्हणाला. “बान येतो अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला. पंचमीला कुठला बान? कोणत्या गाढवाने ही दवंडी दिली?”

“वडिलांचं नाव घ्या,” भटजी म्हणाले.

तेवढ्यात कनवटीचा फोन थरथरला. पिंडाच्या तांदळाचा हात, तरी त्याने तो उचलला. खगेनमामा पलीकडच्या काठावरून ओरडत होते. फेरी बंद, लाँच साखळीला बांधलेली, मामा घाटाच्या पायरीवर बसलेले, मांडीत मातीची हंडी, हंडीत ओला गाळ आणि गाळात चार बान. “ऊन चढतंय रे! ओल राहिली तर हे टिकतील, पण हंडी तापली तर शिजूनच येतील!”

सुकोमलने उरलेलं श्राद्ध ज्या वेगाने केलं त्या वेगाने ते त्या घरात कुणी केलं नव्हतं. शेवटच्या मंत्रात भटजी मागे राहिले आणि यजमान पुढे गेला.

०

नगरपालिकेच्या आपत्ती विभागात एक पंखा, एक टेबल आणि एक बाबू होते. बाबूंनी समोरचं तुळतुळीत डोकं पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. सुतकी माणसाला या देशात खुर्ची मिळते, काम नाही.

“ही बानाची सूचना मागे घ्या,” सुकोमल म्हणाला.

“असं कसं घेणार? सूचना जाणकार व्यक्तीच्या माहितीवरून निघाली आहे.”

“कोण जाणकार?”

“हायस्कुलातले भूगोलाचे सर. सरखेल म्हणून आहेत.”

सुकोमलच्या भादरलेल्या डोक्यावरची शीर सगळ्यांना दिसेल अशी फुगली.

“तो मीच!”

“अरे वा. मग आभार मानायला आलात का?”

“अहो, मी माशाबद्दल बोलत होतो! बान मासा! पंचमीला नदीला बान येत नाही!”

“सर, तिथी आमच्या खात्यात येत नाही,” बाबू समजावणीच्या सुरात म्हणाले. “नियम साधा आहे. बान येऊन गेला की बंदी उठते.”

“पण तो येणारच नाही!”

“मग उठणार कशी?”

सुकोमल उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. कमरेची किल्ली टेबलावर आपटली. बाबूंना वाटलं की ती कुठल्यातरी कपाटाची आहे. त्यांनी ती आदराने बाजूला सरकवली.

“म्हणजे जो बान नाही तो येऊन गेल्याशिवाय लाँच सुटणार नाही?”

“कुणा जाणकाराने घाटावरून सांगितलं, आला आणि गेला, की मी लगेच कर्णा फिरवतो,” बाबू म्हणाले आणि थोडं थांबून म्हणाले, “सर, जाणकार तुम्हीच आहात.”

०

घाटावर जत्रा भरली होती. ज्या ठिकाणी कुणी जाऊ नये अशी दवंडी पिटली जाते तिथे तांबुलघाटा सहकुटुंब जातो. भजीवाला तेल तापवून बसला होता. पोरं वडाच्या फांद्यांवर. गोपेनकाका शिट्टी घेऊन लोकांना मागे सारत होते आणि स्वतः सगळ्यात पुढे उभे होते. नदी नेहमीसारखी, म्हशीसारखी पडून होती.

सुकोमल पायऱ्या उतरला तसा गर्दीत आवाज उठला. “सर आले! सर, किती वाजता?” त्याच्या हाताखालून गेलेले निम्मे लोक तिथे होते. त्यांना त्याने बान शिकवला होता. आकृती काढून, बाण दाखवून, न येणाऱ्याला बाकावर उभं करून.

पलीकडच्या काठावर छत्रीचा एक काळा ठिपका होता. तो मामा.

तेवढ्यात कोळसा भरलेली एक बार्ज मधल्या धारेतून निघाली. तिच्या मागे पाणी हललं, एक वळी सुटली आणि रेंगाळत घाटाकडे आली. तिने खालच्या पायरीवरचं झेंडूचं निर्माल्य उचललं आणि वरच्या पायरीवर ठेवलं.

भूगोलाच्या मास्तराने डोळे मिटले. मग तो जितक्या मोठ्याने ओरडता येईल तितक्या मोठ्याने ओरडला.

“आला! हाच बान! आला आणि गेला!”

भज्यांचं तेल तेवढं चुरचुरत होतं.

“हा?” वडावरून एक पोरगा म्हणाला.

“सर, हे बार्जचं पाणी आहे,” एक माजी विद्यार्थी म्हणाला. तो आता बँकेत होता आणि मुलांना घेऊन आला होता. “तुम्हीच शिकवलं होतं, बान आला की आवाज येतो.”

“आवाज आला!” सुकोमल गरजला. “तुला नाही आला! तू तेव्हाही मागच्या बाकावर होतास!”

“ह्याच्यासाठी मी कपाट गच्चीवर चढवलं?” गर्दीतून एक बाई म्हणाली.

“सुतकात माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं,” गोपेनकाका सगळ्यांना ऐकू जाईल अशा खालच्या आवाजात म्हणाले. “सोडा. बापाची माया.”

सुकोमलला त्या घडीला गोपेनकाकांना नदीत ढकलायचं होतं. पण नदीत आता बान येऊन गेला होता, नदी सुरक्षित होती, आणि उपयोग काय झाला असता? तो तोंड फिरवून उभा राहिला. त्याची वीस वर्षांची भूगोलातली इज्जत झेंडूच्या निर्माल्याबरोबर वरच्या पायरीवर पडली होती. पाठीमागे कर्णा वाजला. बंदी उठली.

०

हंडी आली. मामांनी वरचा गाळ बोटाने बाजूला केला. आधी एक सोंड दिसली, मग तपकिरी पाठ, पाठीवर बारीक काट्यांची ओळ. चारही जिवंत. सुकोमलच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही त्याला राग आला.

आता पुढची अडचण अशी की नियमभंग उद्याचा. आज घरात मासा नेता येत नव्हता. भटजींना विचारलं. ते होडी बांधून नुकतेच परतले होते. त्यांनी निर्णय दिला की परसातला हौद हा घर नव्हे, कारण त्याला छप्पर नाही. मंदिराने विचारलं, “मग छप्पर नसलेला संडास घर की नाही?” तो प्रश्न भटजींनी पुढे ढकलला. बान हौदात सोडले.

तो हौद जुना. गंगेच्या गढूळ पाण्याचा नळ त्यात वर्षानुवर्षं पडत आलेला, आणि तळाला हातभर मऊ गाळ साचलेला. हौद साफ करा म्हणून आई दर वर्षी सांगायची आणि बाबा दर वर्षी हो म्हणायचे.

सकाळी नाडूबाबूंचा आचारी परसात आला, हौदात वाकला आणि म्हणाला, “मासा कुठाय?”

वर पाणी निवळशंख. तळाशी गाळ, गाळावर कडुनिंबाची दोन पानं. आचाऱ्याने परातीने ढवळलं. पाणी चहासारखं झालं.

“पळाले,” नाडूबाबू म्हणाले. “बरं झालं मी रुई सांगून ठेवली.”

“काल ते आलेच होते का नक्की?” गोपेनकाका कुंपणावरून म्हणाले. “नाही, म्हणजे कालचा तो दुसरा बान जसा आला, तसे—”

“काका, तुम्ही घरी जा!”

“मी काय म्हणतो, रागावू नकोस…”

“रागावू नको? तुमच्यामुळे मी बार्जच्या पाण्याला बान म्हणालो! उद्या वर्गात पोरं विचारतील, सर, बादली सांडली तर तो बान का? मासे इथेच आहेत! ते दिवसा झोपतात! त्यांना रात्र हवी!” सुकोमल गर्रकन वळला. “रात्र हवी ना? करतो मी रात्र!”

त्याने मांडवाची एक कनात खेचून काढली. मांडव एका बाजूने लचकला, पंगतीला आलेले दोन चुलतभाऊ खुर्च्यांसकट बाहेर आले. कनात दुहेरी करून हौदावर टाकली, कडांवर विटा ठेवल्या आणि आपलं डोकं आत घालून बसला. बाहेरून फक्त पांढरं धोतर, तळवे आणि कनातीखालून येणारा आवाज.

“कुणी बोलायचं नाही! रात्र आहे!”

पाहुणे गप्प बसले. थोड्या वेळाने आतून किंकाळी आली. रात्र समजून बान निघाले होते, सुकोमलने एकाला मुठीत धरलं होतं, बान बुळबुळीत मागे सरकला होता आणि जाता जाता पाठीची करवत तळहातावरून ओढून गेला होता. आचाऱ्याने रक्त पाहून हात वर केले. “बाबू, हा मासा मी चिरणार नाही. मला सापाला मारल्याचं पाप नको.”

“साप नाही तो!” सुकोमल ओरडला आणि त्याचा आवाज मध्येच चिरकला.

तेव्हा आई उठली.

तिने पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचला. मांडवाच्या मोडलेल्या कोपऱ्यातून बांबूचं एक पोकळ कांडं उचललं आणि कनातीच्या कडेखालून हळूच हौदात सोडलं. “आता कनात काढ,” ती म्हणाली. उजेड पडला. अंधारात हिंडणाऱ्या बानांना लपायला जागा हवी झाली. आईने कांड्याच्या दोन्ही तोंडांवर तळवे दाबले आणि ते वर काढलं. आत दोन होते. मग तेच पुन्हा.

चुलीतली राख हाताला चोळून तिने पहिला बान कल्ल्याखाली धरला. तो हलला नाही.

“खोका,” ती विळीवर बसत म्हणाली, “तुझ्या बाबांना बान आवडायचा, हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी म्हणजे? मी पाहिलंय! आजीने फेकला तेव्हा—”

“काट्यांची भीती वाटायची त्यांना. एकदा माझ्या माहेरी वाढला तर मांजराला घातला.” तिने डोक्यामागे चीर दिली आणि कातडी मोज्यासारखी ओढून काढली. “आवडतो मला. बिलाकाठची ना मी. सुनेला खावासा वाटतो म्हटलं असतं तर तुझ्या आजीनं मलाही गटारात टाकलं असतं. म्हणून ते आपलं नाव सांगायचे.”

गोपेनकाका कुंपणावरून मागे सरकले.

सुकोमल रक्ताळलेला हात धरून उभा होता. इतके दिवस ज्या गोष्टीसाठी तो लोकांवर ओरडत होता ती गोष्ट वेगळीच निघाली होती. राग मात्र होता तसाच होता.

०

जिरं, मिरी आणि मोहरीच्या तेलात आईनेच बान शिजवला. पंगत बसली. पहिलं ताट बाबांच्या फोटोपुढे गेलं. ज्यांनी बानाला साप म्हणून मत दिलं होतं त्यांनी ‘चव बघू’ म्हणत दोन-दोनदा मागितला. औषधवाला गुडघा चोळत खात होता.

आईचं पान व्हरांड्याच्या टोकाला, पिशीच्या पानासमोर. पिशीच्या वेगळ्या चुलीवरचा आतप तांदळाचा भात आणि उकडलेली पपई. “आजपासून तुझं माझ्याबरोबर,” पिशीने सकाळीच सांगितलं होतं आणि आईने मान हलवली होती. घरादाराचं सुतक फिटलं होतं. विधवेचं फिटत नाही.

सुकोमलने ते पाहिलं. वाढप्याच्या हातातलं भांडं हिसकावून घेतलं, व्हरांडा ओलांडला आणि बानाचे दोन मोठे तुकडे आईच्या पानात, भातावर वाढले.

“खोका!” पिशी उभी राहिली.

“बस तू! सगळं गाव बाबांच्या नावानं हा मासा हादडतंय, आणि जिचा आहे तिनं पपई खायची? का? कुणी ठरवलं?”

“तसंच असतं!”

“कुणी ठरवलं ते सांग!”

“मला विचारतोस?” पिशीचा आवाज एवढा चढला की मांडवातलं चावणं थांबलं. “मी खाल्ली ना पपई! सगळा जन्म खाल्ली! वासानं भूक खवळायची म्हणून गच्चीवर जाऊन बसायची, आणि तुम्ही म्हणायचात पिशीला विटाळ वाटतो. वास आवडायचा मला, कळलं? तेव्हा कुठे होतं तुझं हे ओरडणं? तुझ्या बापानं बायकोसाठी आईशी खोटं बोलून मासा आणला. माझ्यासाठी कोण खोटं बोललं रे?”

सुकोमलच्या रागाला आता धरायला माणूसच सापडेना.

“दोघंही गप्प बसा,” आई म्हणाली. “गार झाला की बान वास मारतो.”

तिने भात कालवला आणि घास घेतला. हळूहळू, मान खाली घालून, पण लपवून नाही. बानाच्या मांसात बारीक काटे नसतात. मधला कणा एका ओढीत निघून आला. तो तिने पानाच्या कडेला ठेवला. मांडवातून सगळे बघत होते, आणि आपण बघत नाही असं दाखवायला डाळ मागत होते.

पिशी उभीच होती. मग खाली बसली. पपईचा तुकडा बोटाने इकडून तिकडे करत राहिली.

“आलं घातलंस का?” तिने विचारलं.

“नाही. बानाला आलं लागत नाही. मिरी.”

“वास आला मला मिरीचा.”

“थोडी जास्तच पडली.”

“नाही,” पिशी म्हणाली. “बरोबर वाटतेय.”

आईने उरलेला तुकडा उचलला आणि पिशीच्या पानाच्या कडेला, भाताला न शिवेल असा ठेवला. पिशी त्या तुकड्याकडे बघत राहिली. गोपेनकाका हात धुवायला तिकडून चालले होते, तर सुकोमल दोन्ही हात पसरून वाटेत आडवा उभा राहिला आणि त्यांना मागच्या दाराने पाठवलं.

पिशीने तुकडा परत सरकवला नाही.

पिशीचा नवरा वारला तेव्हा ती वीस वर्षांची होती. त्या घरच्या नियमभंगाला चितळ केला होता, आणि पंगतीत वाढायला तिलाच उभं केलं होतं.